चाकाच्या बेअरिंगचा आवाज

चाकाच्या बेअरिंगचा आवाज म्हणजे मोटारगाडीच्या चाकाला आधार देणारे बेअरिंग (धारवा) झिजल्यामुळे गाडी धावत असताना येणारी सलग घरघर होय. आरंभी तो मंद घुमल्यासारखा असतो. झीज वाढल्यावर गुरगुरण्यासारखा होतो. टायर, डिफरन्शिअल व गिअरबॉक्स यांच्या बिघाडातही असाच आवाज येत असल्याने दुरुस्तीपूर्वी त्याचे मूळ निश्चित करावे लागते. अन्यथा नवे टायर बसवूनही आवाज कायम राहतो आणि मूळ दोष वाढत जातो.

कारणे

बेअरिंगच्या आतील व बाहेरील कड्यांमधून पोलादी गोळे किंवा रूळ फिरतात. त्यांतील ग्रीस सीलमुळे सुरक्षित राहते. सील फाटल्यास पाणी व धूळ आत शिरून ग्रीस निकामी होते आणि कड्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. त्यांवरून गोळे फिरताना होणारे कंपन आवाजाच्या रूपाने ऐकू येते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेणे, रस्त्यावरील खड्ड्यात चाक जोरात आपटणे आणि नवे बेअरिंग बसवताना चुकीच्या कडीवर दाब देणे ही बिघाडाची प्रमुख कारणे आहेत.

आवाजाचे निदान

बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नाही. त्यामुळे वेग तोच ठेवून गिअर बदलला तरी तो जवळपास तसाच राहतो.

गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर सरकतो. अशा वेळी आवाज वाढल्यास उजव्या बाजूचे आणि उजवीकडे वळताना वाढल्यास डाव्या बाजूचे बेअरिंग संशयास्पद ठरते. ही कसोटी उपयुक्त असली तरी दर वेळी निर्णायक नसते.

इतर भागांचे आवाज पुढील लक्षणांवरून वेगळे ओळखता येतात:

• टायर : रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो. पुढील व मागील टायरांची अदलाबदल केल्यास आवाजाची जागाही बदलते. टायरवरून हात फिरवल्यास असमान झीज जाणवते.

• डिफरन्शिअल : ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना आवाजाची पट्टी व तीव्रता बदलते.

• गिअरबॉक्स : आवाज ठरावीक गिअरमध्येच येतो किंवा गिअरनुसार बदलतो.

• सीव्ही जॉइंट : घरघरीऐवजी तीव्र वळणावर कटकट असा आवाज येतो.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडथळा लावतात. त्यानंतर संशयित चाक जॅकने उचलून गाडी भक्कम स्टँडवर टेकवली जाते. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटे ठेवून चाक हाताने फिरवल्यास खराब बेअरिंगची खरखर बोटांना जाणवते. चाक वर-खाली धरून हलवल्यास ढिलेपणाही कळतो. मात्र बॉल जॉइंट झिजला असल्यासही चाक हलते. ढिलेपणा नाही म्हणून बेअरिंग निर्दोष आहे, असेही मानता येत नाही. आरंभीच्या झिजेत केवळ आवाज असतो.

धोके व दुरुस्ती

दुर्लक्ष केल्यास बेअरिंग तापते, चाक डगमगते आणि अखेरीस ते जाम होण्याचा किंवा निखळण्याचा संभव असतो. जुन्या गाड्यांतील निमुळत्या रुळांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून नट योग्य प्रमाणात आवळता येतो. अलीकडील बहुतेक गाड्यांतील बंदिस्त बेअरिंग मात्र बदलावेच लागते. काही गाड्यांत एबीएसच्या वेगमापकासाठी लागणारे चुंबकीय वलय बेअरिंगच्याच एका बाजूस असते. अशा ठिकाणी ते उलटे बसवल्यास वेगाचा संकेत मिळत नाही व एबीएस काम करत नाही.