पायथनमधून सी भाषेतलं फंक्शन कसं बोलवायचं?



"सर, पायथन असताना सी कशाला शिकायची?" संगणकाच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. पालकही विचारतात, कारण क्लासची फी त्यांना भरायची असते. खरं तर या दोन भाषा एकाच कामात एकत्र नांदतात, आणि हे मुलांना एका तासात दाखवता येतं.

सी भाषेतला प्रोग्रॅम आधी कंपाइल करावा लागतो, म्हणजे चालण्याआधीच त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर होतं. म्हणून तो वेगवान असतो, पण छोटा बदल केला तरी पुन्हा कंपाइल करा. पायथनचा इंटरप्रिटर प्रोग्रॅम चालवता चालवता समजून घेतो. लिहायला सोपं, पण मोठ्या आकडेमोडीत हळू. आपल्या खाप्याच्या मुलांना हातमाग सांगायला नको. ताणा आधी नीट लावून ठेवायचा, मग बाण्याचा रंग विणता विणता बदलता येतो. सी हा ताणा, पायथन हा बाणा. (उपमा फार ताणू नका, तुटेल!)

आता प्रयोग. सी मध्ये 'रक्कम' नावाचं फंक्शन लिहा. कापडाचे मीटर आणि दर घ्यायचे, गुणाकार परत द्यायचा. तिन्ही ठिकाणी प्रकार 'डबल', म्हणजे दशांश संख्या. जीसीसी कंपाइलरला 'शेअर्ड' हा पर्याय दिला की लायब्ररी तयार होते. लिनक्सवर एसओ फाइल, विंडोजवर डीएलएल. पायथनमध्ये 'सीटाइप्स' हे मॉड्यूल २००६ पासून सोबतच येतं. त्याने ती फाइल उघडायची आणि फंक्शन बोलवायचं. विंडोजवर एक गोष्ट आधीच तपासा: पायथन ६४ बिटचा असेल तर डीएलएलही ६४ बिटचीच लागते, नाहीतर ती उघडतच नाही.

मीटर ५.५ आणि दर १२० द्या. उत्तर ६६० यायला हवं. पण थेट ५.५ दिलं तर पायथन अडतो, ही संख्या सी ला कशी द्यायची ते त्याला माहीत नसतं. म्हणून 'आर्गटाइप्स' मध्ये सांगायचं, आत जाणाऱ्या दोन्ही संख्या डबल आहेत. आता फंक्शन चालतं, पण उत्तर भलतंच येतं! कारण परत येणारी संख्या पूर्णांक आहे असं सीटाइप्स गृहीत धरतं. 'रेसटाइप' डबल केला की ६६०.० मिळतं. हे चुकीचं उत्तर मुलांना मुद्दाम दाखवा. अडलेला प्रोग्रॅम लगेच कळतो, चुकीचा आकडा मात्र गुपचूप बिलात जाऊन बसतो.

मोठ्या प्रकल्पांतही हेच चालतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी 'मायावी' हे सॉफ्टवेअर तयार केलं. विज्ञानातली आकडेवारी त्यात त्रिमितीय चित्रांत दिसते. चित्र काढायचं जड काम व्हीटीके ही सी प्लस प्लसमधली लायब्ररी करते, आणि वापरणारा पायथनमध्ये लिहितो. व्हीटीकेमध्ये शेकडो क्लास आहेत. एवढ्यांचे जोड हाताने कोण लिहिणार? तिथे एक प्रोग्रॅमच हेडर फाइली वाचून ते तयार करतो. आपल्या एका फंक्शनला मात्र हातच बरा.

वेळ उरला तर आणखी एक गंमत. सी चा 'इंट' साधारणपणे ३२ बिटचा, म्हणजे जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. पायथनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. इंट घेऊन तोच परत देणारं फंक्शन लिहा आणि पायथनमधून ३,००,००,००,००० पाठवा. तक्रार काहीच येत नाही, आणि उत्तर येतं उणे १,२९,४९,६७,२९६. हा आकडा कुठून आला, ते मुलांनाच शोधू द्या. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. तीनशे कोटींतून तो वजा करायचा, फळ्यावरच.