पांढरा पापुद्रा ओळखायचा कसा? वसाहती सी स्क्वर्टचं वर्गीकरण

पडद्यावर दोन फोटो आहेत. दोन्ही उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रातले. मेलेल्या प्रवाळावर पांढरा, खरखरीत पापुद्रा पसरलाय. दोन्ही एकच जात आहे का? हात वर करा... बरेच जण ‘हो’ म्हणताहेत. माझं उत्तर असं की फोटोवरून सांगताच येत नाही. का येत नाही, तेच आज बघू.

आधी ओळख. सी स्क्वर्ट म्हणजे असिडियन. हात लावला की पाण्याची पिचकारी मारतात, म्हणून हे नाव. शाळा-कॉलेजात तुम्ही हर्डमानिया शिकलात, तो यांच्यातलाच, पण एकटा राहणारा. यांच्या डिंभकाला शेपटीत पृष्ठरज्जू असतो. कोवालेव्हस्कीने 1866 मध्ये हे दाखवलं आणि हे प्राणी आपल्याच संघात आले. मोठेपणी शेपटी जाते, प्राणी खडकाला चिकटतो आणि अंगाभोवती कंचुक तयार करतो. या कंचुकात सेल्युलोज असतं, प्राण्यांमध्ये फारच दुर्मीळ गोष्ट.

वसाहती प्रकारात एका डिंभकापासून कळ्या फुटून शेकडो, हजारो छोटे जीव होतात. प्रत्येकाला झूऑइड म्हणतात. सगळे एकाच कंचुकात बसलेले. एका चाळीत अनेक बिऱ्हाडं, तसंच. पाणी आत घ्यायचं तोंड ज्याचं त्याचं, पण बाहेर सोडायचा मार्ग बऱ्याचदा सामाईक.

जुन्या अभ्यासकांना ही चाळ म्हणजे एकच प्राणी वाटला. पल्लासने 1766 मध्ये बोट्रिलसचं वर्णन केलं ते अल्सियोनियम म्हणून, म्हणजे मऊ प्रवाळांच्या गटात. फ्रेंच अभ्यासक साविन्यी यांनी असे नमुने उघडून आतले झूऑइड तपासले आणि दाखवून दिलं की हे तर असिडियन! तेव्हापासून नियम तोच आहे: वसाहत बघू नका, झूऑइड बघा.

आता प्रत्यक्ष काम. नमुना काढण्याआधी जिवंत असतानाचा फोटो घ्यायचा, कारण रंग नंतर उडतो. मग थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. झूऑइड दचकून आकसतात आणि आतलं काही दिसत नाही. समुद्राच्या पाण्यात मेंथॉलचे खडे टाकून आधी त्यांना गुंगी आणायची. फॉर्मॅलिनही आम्ल नको, नाहीतर चुन्याचे कण विरघळतात. डीएनएसाठी एक तुकडा वेगळा, अल्कोहोलमध्ये.

मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक प्रश्न विचारत जायचं.

पहिला प्रश्न, कल्ल्याची पिशवी कशी आहे? साधी जाळी असेल तर अ‍ॅप्लूसोब्रँकिया. आत उभ्या नलिका असतील तर उरलेल्या दोन गणांपैकी एक. बोट्रिलस यातल्या स्टोलिडोब्रँकियात येतो. म्हणजे ‘वसाहती’ हा काही एक गट नाही. वसाहत करून राहणं वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आलेलं आहे.

दुसरा प्रश्न, शरीराचे भाग किती? छाती, पोट आणि त्याखाली आणखी एक लांब भाग असे तीन असतील, तर पॉलिक्लिनिडी कुळाकडे वळायचं. आपल्या पांढऱ्या पापुद्र्यात भाग दोनच, झूऑइड जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा आणि कंचुकात चुन्याच्या चांदण्या. हे झालं डायडेम्निडी कूळ.

तिसरा प्रश्न प्रजातीचा. कल्लाछिद्रांच्या ओळी तीन असतील तर ट्रायडिडेम्नम. चार ओळी असतील आणि शुक्रवाहिनी वृषणाभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असेल, तर बहुधा डायडेम्नम. चार ओळी पण वाहिनी सरळ, तर लिसोक्लायनम. त्यात चांदण्याच नसतील तर डिप्लोसोमा. याच्याही पुढे, जातीपर्यंत जायचं तर चांदण्यांचा आकार, डिंभकाची रचना आणि डीएनए, तिन्ही लागतात.

कुणीतरी विचारलंय, हिरव्या रंगाचं काय? छान प्रश्न. प्रवाळभित्तीवरच्या काही डायडेम्निडी हिरव्या दिसतात, पण तो हिरवेपणा त्यांचा नसतो. आत प्रोक्लोरॉन नावाचे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू राहतात. रंगावर नाव ठेवलं तर आपण भाडेकरूचं नाव मालकाला देऊ.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशासाठी? साविन्यी यांनी 1816 मध्ये तांबड्या समुद्रातल्या पांढऱ्या पापुद्र्याला डायडेम्नम कँडिडम नाव दिलं. पुढे जगभरातले पांढरे पापुद्रे याच नावाखाली नोंदले गेले. परिणाम काय? ‘ही जात सगळीकडेच असते’ असा समज झाला, आणि जहाजाच्या बुडाला चिकटून आलेला परका पाहुणा अशा नावामागे सहज लपतो. याच कुळातली, पण थंड पाण्यातली डायडेम्नम व्हेक्सिलम घ्या. 2002 मध्ये न्यूझीलंडहून तिचं वर्णन झालं तेव्हा ती तिथलीच मानली गेली. पुढे पुरावा जपानकडे बोट दाखवू लागला. तोवर तिने कितीतरी बंदरांत शिंपल्यांच्या शेतीवर अंथरूण घातलं होतं.

दुसरं कारण औषधाचं. कॅरिबियन भागातल्या एक्टिनासिडिया टर्बिनाटा या वसाहती जातीतून मिळालेलं ट्राबेक्टेडिन कर्करोगावर वापरलं जातं. युरोपात त्याला 2007 मध्ये मान्यता मिळाली. नमुन्याचं नाव चुकलं, तर रसायन पुन्हा कुठे शोधायचं, हेच कळणार नाही.

तेव्हा किनाऱ्यावर असा पापुद्रा दिसला तर फोटो जरूर काढा, जागा, तारीख आणि खोली लिहून ठेवा. नावाची घाई मात्र करू नका. सुरुवातीचे ते दोन फोटो? एकात ओळी चार होत्या, दुसऱ्यात तीन. जात तर सोडाच, प्रजातीसुद्धा एक नव्हती.