चाक थांबता कामा नये

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओशनसाइड आहे आणि पूर्व किनाऱ्यावर ॲनापोलिस. मध्ये बारा राज्यं, वाळवंट, दोन मोठ्या पर्वतरांगा आणि जवळपास 4,800 किलोमीटरचा रस्ता. हा रस्ता सायकलने कापायचा आणि संघ म्हणून उतरला असाल तर नऊ दिवसांच्या आत, अशी 2015 मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ या शर्यतीची अट होती. सायकलवाल्यांच्या बोलण्यात तिचं नाव नुसतं ‘रॅम’. त्या वर्षीच्या जूनमध्ये नाशिकच्या दोन सख्ख्या भावांनी ही अट पाळून दाखवली. थोरले डॉ. हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, धाकटे डॉ. महेंद्र महाजन दंतवैद्य. वेळ लागला 8 दिवस 14 तास 55 मिनिटं. रॅम पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. त्यांच्या संघाचं नाव होतं ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’. आदिवासींसाठीच्या कामाकडे लोकांचं लक्ष वळवायचं, हा त्यामागचा हेतू.

बातमी तेव्हा खूप गाजली आणि गाजायलाच हवी होती. पण ‘दोन भावांनी अमेरिका पार केली’ एवढ्यावर गोष्ट संपवली की त्यातला सगळ्यात अवघड भाग वगळला जातो. हे काम पायांच्या ताकदीइतकंच पाळ्या लावण्याचं, गाड्या हाकण्याचं, झोप मोजून वाटण्याचं आणि चालत्या शर्यतीत एक मिनिटही सांडू न देण्याचं असतं. सायकल दिसते, तिच्यामागची गाडी दिसत नाही.

सहनशक्तीच्या शर्यती म्हटलं की बहुतेकांना मोटारी आठवतात. फ्रान्समधल्या ल मां गावी 1923 पासून चोवीस तासांची मोटारशर्यत होते. तिथे एक गाडी, आळीपाळीने चालवणारे तीन चालक आणि पिटमध्ये रात्रभर जागणारी माणसं असा मामला असतो. भारताचा करुण चंढोक 2012 मध्ये तिथे उतरला, तो त्या शर्यतीतला पहिला भारतीय. रॅमची मांडणी याच जातीची आहे: घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. फरक एवढाच की मोटारीचं इंजिन दमत नाही, तापलं तर त्यात पाणी घालता येतं. इथे इंजिन म्हणजे माणूसच. त्याला भूक लागते, उलट्या होतात, झापड येते.

‘टूर द फ्रान्स’ आणि रॅम यांत लोक गल्लत करतात. टूरमध्ये साधारण 3,400 किलोमीटर अंतर एकवीस टप्प्यांत विभागलेलं असतं. रोजचा टप्पा संपला की जेवण, मालिश, हॉटेलातली झोप. रॅममध्ये टप्पेच नाहीत. तुम्ही झोपलात तर तेवढा वेळ तुमच्या खात्यातून वजा. 1982 मध्ये जॉन मारिनो, जॉन हॉवर्ड, मायकेल शर्मर आणि लॉन हॅल्डमन हे चौघे सांता मोनिकाहून न्यूयॉर्ककडे निघाले, तेव्हापासून हाच नियम आहे. ती पहिली शर्यत हॅल्डमनने जिंकली. दुसऱ्याच वर्षी शर्मरच्या मानेचे स्नायू असे निकामी झाले की डोकं वर धरणंच त्याला जमेना. दिवसेंदिवस हँडलवर वाकून समोर बघत राहिल्याने होणाऱ्या या त्रासाला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

सांघिक गट नंतर आले: दोन, चार किंवा आठ जणांचे. वरवर पाहता संघ म्हणजे सोपं वाटतं. चौघांच्या संघात प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे सहा तास येतात, आठ जणांत तीनच. दोघांच्या संघात मात्र अर्धा दिवस सायकलवर. उरलेल्या अर्ध्या दिवसात खाणं, अंघोळ (जमली तर), कपडे बदलणं, पुढच्या ठिकाणी गाडीने पोहोचणं आणि झोप, सगळं बसवायचं. महाजन बंधूंचा हिशेब मांडून पाहिला तर ताशी सरासरी 23 किलोमीटरच्या आसपास येते. अंतर दिवसाला साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. नाशिकहून मुंबईला जाऊन परत यायचं आणि पुन्हा मुंबई गाठायची, यापेक्षाही थोडं पुढे. तेही लागोपाठ आठ दिवस, आणि नवव्या दिवशी आणखी पंधरा तास.

आता यातली मिनिटं पाहा. समजा दर तासाला स्वार बदलला. दोनशे सात तासांत दोनशेच्या वर बदल झाले. प्रत्येक बदलात गाडी लावणं, हेल्मेट चढवणं, बाटली शोधणं यात अडीच मिनिटं जरी गेली, तरी एकूण साडेआठ तास नुसते रस्त्याच्या कडेला सांडले. नऊ दिवसांची मुदत संपायला महाजन बंधूंच्या हाती उरले होते सुमारे नऊ तास. म्हणजे पायात तेवढीच ताकद असती आणि बदल असे ढिसाळ झाले असते, तर सगळी शिल्लक त्यातच गेली असती. म्हणून जाणते संघ शर्यतीच्या आधी महिनोन्महिने बदलाचाच सराव करतात.

हा बदल रात्री कसा होतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पुढची गाडी रस्ता सोडून कडेला, उजेडात उभी. स्वार सायकलवर बसूनच तयार, एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. दिवा लावलेला, अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. वायरलेसवर मागच्या गाडीतून आवाज येतो: एक किलोमीटर, पाचशे मीटर, दिसला. मागून येणारा स्वार आणि त्याच्या पाठीला लागून येणारी, टपावर पिवळे दिवे लुकलुकणारी गाडी दिसू लागते. येणाऱ्याचं पुढचं चाक उभ्या असलेल्याच्या मागच्या चाकाशी आलं की झाला बदल. त्याआधी निघालात तर दंड. अंधार पडल्यावर तर गाडीच्या हेडलाइटच्या उजेडाबाहेर स्वाराने जायचंच नसतं. मागची गाडी नसेल तर सायकलही पुढे जात नाही. टायर पंक्चर झालं तर सायकल बदलता येते, म्हणून एक जादा सायकल टपावर असतेच. गाडी बंद पडली तर मात्र अख्खा संघ थांबतो.

गाडीत बसलेली माणसं कोण असतात? हौशी संघात बहुधा मित्र, नातेवाईक, क्लबातले सोबती. एक गाडी चालवतो, सायकलच्या वेगाने, तासन् तास, पाय ब्रेकवर ठेवून. दुसरा मार्गपुस्तिका उघडून पुढचं वळण सांगतो. वळण चुकलं तर जिथे चुकलं तिथे परत यावं लागतं. तिसरा मागच्या सीटवर कोणी काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, लघवीला कधी गेला, हे वहीत लिहीत असतो. वाटेत पन्नासाहून जास्त टाइम स्टेशनं असतात. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची वेळ आयोजकांना कळवायची. शिवाय एक मेकॅनिक, एक फिजिओ आणि या सगळ्यांवर एक क्रू चीफ. स्वाराने ‘मी आता झोपतो’ म्हटलं तरी ‘नाही, अजून वीस मिनिटं’ सांगण्याचा अधिकार या माणसाचा. घरच्या माणसाला असं सांगणं अवघड असतं. सख्ख्या भावांच्या संघात तर अधिकच, कारण दमलेल्या भावाची पाळी आपण घ्यावी असं वाटणारच. आणि तसं एकदा केलं की दोघांचंही वेळापत्रक मोडतं.

रस्ताही एकसारखा नाही. पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियाचे डोंगर ओलांडून बोरेगो स्प्रिंग्जकडे खडा उतार लागतो. त्या उताराला तिथे काचेची लिफ्ट म्हणतात, कारण खाली वाळवंट एकदम समोर उघडतं. खाली उतरलं की जूनचं ऊन आणि चाळीसच्या वर गेलेला पारा. नाशिककरांना त्या तापमानाचं अप्रूप नाही, पण इथे आपण दुपारी घराबाहेर पडत नाही. पुढे ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ, युटातली मोन्युमेंट व्हॅली आणि मग कोलोराडोतली वुल्फ क्रीक खिंड, उंची सुमारे 3,300 मीटर. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे. म्हणजे त्याच्या दुप्पट उंचीवरून सायकल न्यायची, तीही विरळ हवेत. कॅन्ससमध्ये उलट अडचण. चढ नाही, वळण नाही, शेकडो किलोमीटर सपाट रस्ता आणि आडवा वारा. तिथे पायांपेक्षा डोळे आधी मिटतात. मिसिसिपी ओलांडून वेस्ट व्हर्जिनियात पोहोचलं की ॲपलाचियन डोंगरांचे छोटे छोटे पण अत्यंत खडे चढ एकामागून एक येत राहतात, आणि तोवर गुडघ्यांत काही उरलेलं नसतं. सगळा चढ एकत्र केला तर 50,000 मीटरच्या वर जातो.

या प्रवासात शरीर काय भोगतं हे डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. झोपेच्या तुटवड्याने स्वारांना रस्त्यात नसलेली माणसं, जनावरं दिसतात. बसण्याच्या जागी जखमा होतात. घामातून मीठ गेलं आणि नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. भूलतज्ज्ञाचं रोजचं काम म्हणजे माणसाचा श्वास, नाडी आणि जागेपणा यांवर नजर ठेवणं. हितेंद्र यांच्या पेशाचा या शर्यतीशी असलेला हा धागा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

2014 मध्ये ऑस्ट्रियाच्या ख्रिस्टोफ स्ट्रासरने हीच शर्यत एकट्याने 7 दिवस 15 तास 56 मिनिटांत संपवली होती. म्हणजे नाशिकच्या दोघांपेक्षा एकटा माणूस जवळजवळ एक दिवस आधी. यात भावांचं कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. स्ट्रासरचा तोच व्यवसाय आहे. महाजन बंधूंचा नव्हता. पहाटे सायकल, नंतर दवाखाना, शस्त्रक्रिया, घर, आणि जमेल तेव्हा पुन्हा सायकल, अशी ज्यांची दिनचर्या, त्यांनी पहिल्याच प्रयत्नात मुदतीत पोहोचणं ही वेगळ्या प्रतीची कामगिरी आहे. हौशी हा शब्द आपल्याकडे अनेकदा कमीपणाने वापरतात. इथे तो आदराने वापरायला हवा.

नाशिकमध्ये अशा हौशी सायकलस्वारांचं पीक आधीपासून तयार होत होतं. पहाटे त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला किंवा इगतपुरीच्या बाजूला निघालात तर सायकलवाल्यांचे जथे भेटतात. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. आणि 2015 नंतर दोनच वर्षांत, 2017 च्या रॅममध्ये, नाशिकचं नाव पुन्हा झळकलं. तेव्हा नाशिकमध्ये नेमणुकीवर असलेले लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने ही शर्यत पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ, त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोहोचले. गोकुळनाथ आदल्या वर्षी अर्ध्यातून माघारी फिरले होते, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. त्याच 2017 मध्ये नाशिककरांचा भरणा असलेला ‘सह्याद्री’ हा चौघांचा संघही अमेरिकेच्या त्या टोकाला पोहोचला. पुढे 2020 मध्ये हितेंद्र यांच्या मुलाने श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर नऊ दिवसांच्या आत पार केलं.

पण अमेरिका गाठायला पैसा लागतो: प्रवेशशुल्क, क्रूची विमानभाडी, भाड्याच्या गाड्या, पेट्रोल. परत मिळायचं काही नाही. त्यामुळे बहुतेकांची सुरुवात इथेच, एखाद्या शनिवार-रविवारी होते. पहिली पायरी ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पार करण्याची: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. ही शर्यत नव्हे. मागे गाडी नाही, खाणंपिणं आपलं आपण बघायचं, आणि पहिला-दुसरा असा क्रमही नाही. त्यानंतर मागे गाडी घेऊन धावायची ‘डेक्कन क्लिफहँगर’, पुणे ते गोवा, सुमारे 643 किलोमीटर. एकट्या स्वाराने ती बत्तीस तासांत संपवली तर रॅमच्या एकेरी गटाचं दार उघडतं. संघांनाही तिथे भाग घेता येतो, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी तोच चांगला मार्ग आहे.

अशा शनिवार-रविवारची तयारी घरातूनच सुरू होते. दोन गाड्या, त्यांची सर्व्हिसिंग आठवडाभर आधी. आदल्या दिवशी नको, कारण काही बिघडलं तर दुरुस्तीला वेळ हवा. उकडलेले बटाटे, केळी, मीठ-साखरेचं पाणी, पिठलं-भात किंवा खिचडी डब्यात. शर्यतीच्या दिवशी नवा खाऊ कुणाच्याही पोटात जाता कामा नये. दोन-दोन दिवे, चार्ज केलेल्या बॅटऱ्या, ट्यूब, चेनचं तेल. पाळ्यांचा कागद दोन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे नवे संघ दुर्लक्ष करतात, ते म्हणजे गाडी चालवणाऱ्याची झोप. स्वार दमला तर सायकल हळू होते. चालकाला डुलकी लागली तर गाडी पुढच्या सायकलवर जाते. म्हणून शनिवारच्या रात्री एक चालक सक्तीने झोपवायचा, त्याने कितीही नको म्हटलं तरी. रविवारी गोव्याहून परतीचा रस्ता त्यालाच चालवायचा आहे, आणि सोमवारी सकाळी नऊला नाशिकमध्ये दवाखाना उघडायचा आहे.