आपल्या मातीचा आर्थिक इतिहास कोठे शोधावा?

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरूनच कोणतीही गोष्ट मानू नये, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. इतिहासाच्या अभ्यासकालाही तोच नियम लागू पडतो.

उदाहरणादाखल आम्ही महार वतनाचा प्रश्न घेतो. गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली ही जमीन कुटुंबाला आधार देत होती की वेठीला बांधून ठेवत होती? छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात हे वतन रद्द केले. मुंबई इलाख्यात मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतनविषयक विधेयक मांडूनही कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. या चाळीस वर्षांच्या अंतराचा अर्थ केवळ भाषणांतून कळणार नाही.

प्रथम व्यापक ग्रंथ वाचावेत. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक विकासावरील १९२४ चा इंग्रजी ग्रंथ आणि धर्मा कुमार यांनी संपादिलेला 'केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ इंडिया'चा दुसरा खंड (१९८३) हे त्यांपैकी होत. त्यांच्या तळटीपा म्हणजे पुढील वाटेचे पाटाडेच.

त्यानंतर १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर पाहावे. पिके, व्यापार, मजुरी, भाव यांची माहिती त्यात एकत्र सापडते. परंतु ते राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेले आहे. राबणाऱ्याचे म्हणणे त्यात शोधूनही सापडत नाही, हे ध्यानी ठेवावे.

तिसरी पायरी मूळ कागदपत्रांची. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचे दप्तर आहे. जुने कागद मोडीत असल्याने ती लिपी शिकण्यावाचून गत्यंतर नाही. ग्रंथांसाठी शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर जवळच आहेत.

या पद्धतीचा आदर्श बाबासाहेबांनीच घालून दिला. १९१८ चा लहान शेतजमिनींवरील निबंध असो की प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथ, सरकारी आकडेच हाती घेऊन त्यांनी सरकारी धोरणाची चिकित्सा केली.

आमच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक टिपणाखाली ग्रंथाचे नाव, वर्ष व पृष्ठ न चुकता लिहावे. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम इतिहासात नोंदले गेले नाहीत, त्यांचे विधान पुराव्याने भक्कम असणे अधिकच आवश्यक आहे.