गजगामिनीची कैफियत

१९९४ सालच्या ऑगस्टात ‘हम आपके हैं कौन..!’ प्रदर्शित झाला, आणि पाहता पाहता त्यात माधुरी दीक्षितने नेसलेली ती जांभळी साडी उल्हासनगरच्या गजानन मार्केटात दुकानोदुकानीच्या पुतळ्यांवर झळकू लागली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आसऱ्यास आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत. तिला १९४९ साली आजचे नाव मिळाले, आणि कापडाच्या धंद्यावर ती आपल्या पायांवर उभी राहिली. त्याच पेठेनजीकच्या रद्दीच्या दुकानात, किलोच्या भावाने विकावयास काढलेल्या गठ्ठ्यात, एका फॅशन मासिकाचा जुना अंक माझ्या हाती लागला. मुखपृष्ठाचा कोपरा फाटलेला होता, परंतु माधुरी दीक्षितची मुलाखत शाबूत होती; बदलापूर लोकलमध्ये बसल्या बसल्या मी ती वाचून काढली.

तोवर माधुरी म्हणजे एक झगमगते चित्र, एवढीच माझी समजूत होती. मुलाखतीत मात्र भेटली ती अंधेरीच्या मराठी घरातली मुलगी: तीन वर्षांची असल्यापासून कथ्थकाची तालीम घेणारी, सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडून आलेली, १९८४ चा ‘अबोध’ कोसळल्यानंतर १९८८ च्या ‘तेजाब’पर्यंत चार वर्षे नेटाने टिकून राहिलेली. सौंदर्यामागे एवढे परिश्रम असतात, हे त्या गुळगुळीत कागदावर वाचताना माझ्या मनात तिच्याविषयी जो आदर उत्पन्न झाला, तो आजतागायत ओसरलेला नाही.

पुढे वर्तमानपत्रांतून कळले की, पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले, उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन ‘हम आपके हैं कौन..!’ साठाहून अधिक वेळा पाहून आले आहेत, आणि माधुरीची चित्रमालिका काढून तीवर ‘फिदा’ अशी सही करीत आहेत. पुष्कळांनी याची थट्टा केली. मला ती कधीच रुचली नाही. अगदी तान्हेपणी आई गमावलेल्या आणि तिचा चेहरा स्मरणात नसलेल्या या माणसाने जन्मभर बिनचेहऱ्याच्या स्त्रिया रंगविल्या, आणि वयाच्या ऐंशीच्या घरात त्याला आपली प्रेरणा एका मराठी नर्तकीत गवसली, यात हसण्याजोगे काय आहे? डिसेंबर २००० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘गजगामिनी’त माधुरी कधी कालिदासाची शकुंतला होते, कधी लिओनार्दोची मोनालिसा, आणि कधी डोक्यावर गाठोडे घेऊन चालणारी, युगायुगांची एक अनामिक स्त्री. चित्रपट चालला नाही. पण तिची चाल पाहण्यासाठी मी तो पुन्हा पाहिला.

त्यानंतर अंबरनाथच्या शिवालयाकडे जाणे झाले, तेव्हा भिंतींवरील त्या पाषाणसुंदरी मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा तेथील शिलालेख शिलाहार राजा मामवाणी याचे नाव सांगतो, त्याच्या अधिकाऱ्यांचीही नावे नोंदवितो. परंतु कोणाच्या कमरेचा बाक, कोणाच्या पावलांची ठेवण पाहून कारागिराने छिन्नी चालविली, याची त्या दगडी दप्तरात नोंद नाही. त्या स्त्रियांची जबानी कोणी घेतलीच नाही. माधुरीची घेतली गेली, ती एका फॅशन मासिकाने घेतली, आणि म्हणूनच अशा मासिकांना उथळ ठरवून मोकळे होणाऱ्यांशी माझे पटत नाही. हुसेनांनी जिचा चेहरा झाकला, तिने स्वतःच्या कष्टांची कैफियत स्वतः मांडली, आणि ती वाचल्यामुळे त्यांची चित्रे मला अधिक जवळची वाटू लागली.

‘गजगामिनी’ पडद्यावर येण्यापूर्वीच, १९९९ च्या ऑक्टोबरात, माधुरीचा अमेरिकेत विवाह झाला, आणि पुढे ती तेथे राहावयास गेली. हुसेनांनी २००४ साली तब्बूला घेऊन ‘मीनाक्षी’ केला. इतर काही चित्रांवरून उठलेल्या वादंगांपायी आणि खटल्यांपायी २००६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात माधुरी सहकुटुंब मुंबईस परत आली आणि पुन्हा नृत्याकडे वळली.