देखण्या पानाच्या पोटात

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. लॉज, ट्रॅव्हल्स, धर्मशाळा, सेवाभावी संस्था अशा अनेकांना नाशिकमध्ये या निमित्ताने वेबसाइट लागणार आहे. यातली फार थोडी पानं कुणी कोड लिहून बनवेल. वर्डप्रेस किंवा विक्ससारख्या साधनात चौकटी ओढायच्या, फोटो टाकायचा, मजकूर चिकटवायचा आणि ‘पब्लिश’ दाबायचं, की झालं. पान आपण मांडतो, त्यामागचं एचटीएमएल, म्हणजे मजकुराची रचना सांगणाऱ्या ‘टॅग’ नावाच्या खुणांचा कोड, ते साधन लिहितं. ते शुद्ध, म्हणजे प्रमाणाला धरून, असतं का?

हा प्रश्न जुना आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली ‘सर्न’ या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा तोच संपादकही होता. वाचता वाचता पानात बदल करता येत. लोक टॅग हाताने टंकत बसतील असं त्यांना अभिप्रेतच नव्हतं. पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर मात्र केवळ वाचायचे निघाले आणि लिहायला फ्रंटपेज, नेटस्केप कंपोझर, ड्रीमविव्हर अशी वेगळी साधनं आली. त्यांची अडचण मुळातली होती. ठळक, मोठी अक्षरं शीर्षकाच्या टॅगने उमटतात, ‘फॉन्ट’ टॅगने उमटतात आणि ‘स्पॅन’ला शैली जोडूनही उमटतात. वापरणाऱ्याने अक्षर मोठं केलं एवढंच साधनाला कळे. ते शीर्षक आहे की नुसती हौस, हे कळायला मार्ग नव्हता. मग थरांवर थर चढत. एखादा शब्द ठळक केला, पुढचा भाग तिरका केला, मधूनच ठळकपणा काढला, की टॅग एकमेकांत अडकत. वर्ड २००० मधून वेबपान म्हणून जतन केलेल्या साध्या परिच्छेदामागेही ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या शैलींचं लटांबर येई. हा पसारा आवरण्यासाठी ड्रीमविव्हरमध्ये वर्डचं एचटीएमएल साफ करायची स्वतंत्र आज्ञा होती, आणि डेव्ह रॅगेट यांचं ‘टायडी’ त्याच काळात अनेकांच्या हाताशी असे.

पुढची पायरी ब्राउझरच्या आतच मजकूर लिहू देणारी होती. टायनीएमसीई, एफसीकेएडिटर यांसारखे संपादक २००० नंतरच्या काही वर्षांत घरोघरी पोचले. त्यांचा पाया ब्राउझरच्या स्वतःच्या संपादन-सोयीवर होता आणि ती सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी. नुसतं ‘एंटर’ दाबलं तर एक ब्राउझर नवा परिच्छेद करी, दुसरा ‘डिव्ह’ घाली, तिसरा ओळ तोडून मोकळा होई. दिसायला तिन्हीकडे साधारण सारखंच.

आताचे चांगले संपादक हे काम ब्राउझरच्या हाती ठेवत नाहीत. प्रोझमिरर किंवा सीकेएडिटर ५ आपल्या मजकुराचा आधी स्वतःचा आराखडा स्मृतीत ठेवतात: हा परिच्छेद, ही यादी, यादीतली ही बाब. आपण कळ दाबली की बदल त्या आराखड्यात होतो आणि एचटीएमएल त्यातून शेवटी छापलं जातं. जी रचना आराखड्यात बसतच नाही, ती कोडमध्ये उतरणार कशी? टॅग अडकण्याचा जुना रोग बऱ्याच अंशी इथेच संपला. जे काही चुकीचं उरतं, त्यालाही ब्राउझर आता एकाच पद्धतीने हाताळतात. २८ ऑक्टोबर २०१४ ला प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये चुकीचा कोड कसा वाचायचा, हेही पायरीपायरीने लिहिलेलं आहे.

म्हणून साधनं वाईटच कोड लिहितात, हा तक्रारीचा सूर मला आज पटत नाही. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या ‘डब्ल्यू३सी’ या संस्थेच्या तपासणी-साधनात पान घातलं तर लाल ओळी येतात त्या बहुधा साध्या मजकुराच्या नसतातच. कुठे दोन प्लगइननी एकच ओळखनाव वापरलेलं असतं, तर कुठे ‘प्रवेश सुरू आहे’ ही सरकती पट्टी ‘मार्की’ टॅगने घातलेली असते. तो टॅग प्रमाणातून बाद आहे, तरी आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या साइटवरून जाता जात नाही.

खरा धोका तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या पानांत आहे. मराठीने तो फार जवळून पाहिला आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, तरी त्यानंतर कित्येक वर्षं मराठी पानं खास फॉन्टवर चालली. कोडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा घाली. कोडचं व्याकरण अगदी शुद्ध असलं, तरी फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ गिचमीड दिसे, आणि शोधयंत्राच्या दृष्टीने त्या पानात मराठीचा एक शब्दही नसे.

आज तीच चूक सूक्ष्म झाली आहे. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये मजकुराची भाषा सांगायची असते. मराठीचा संकेत ‘एमआर’. अनेक तयार साच्यांत तिथे इंग्रजीचा ‘ईएन’ असतो आणि पान बनवणाऱ्याला तो दिसत नाही. तपासणी-साधन फार तर इशारा देतं, चूक धरत नाही. पण दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं वाचक-सॉफ्टवेअर कोणत्या भाषेचा आवाज लावायचा, हे त्या संकेतावरून ठरवतं. काही देवनागरी फॉन्टमध्ये पाकळीचा मराठी ‘ल’ दाखवायचा की दंडाचा हिंदी ‘ल’, तेही त्यावरूनच ठरतं.

शीर्षकांचंही तसंच. दृष्टिहीन माणूस एनव्हीडीए हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर वापरताना ‘एच’ कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर जातो. ‘अमृतस्नानाच्या तारखा’ ही ओळ केवळ ठळक आणि मोठी केलेली असेल, तर कळ तिला ओलांडून जाते. तारखांचं कोष्टक चित्र म्हणून चिकटवलं आणि चित्राच्या वर्णनात फोटोचा क्रमांक राहिला, तर पान शुद्ध ठरतं, पण त्या माणसाला तारीख मिळत नाही. वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासली, तेव्हा ९५.९ टक्के पानांत सुगम्यतेच्या त्रुटी सापडल्या. भाषाच न सांगितलेली पानं सुमारे १७ टक्के होती.

यातलं पुष्कळसं पान बनवणाऱ्यालाच, एकही टॅग न लिहिता, सुधारता येतं. ओळ मोठी करण्याऐवजी ‘हेडिंग’ हा प्रकार निवडायचा. वर्डमधला मजकूर आणताना ‘कंट्रोल-शिफ्ट-व्ही’ने साधा चिकटवायचा. तारखांसाठी खरं कोष्टक करायचं आणि त्याच्या पहिल्या ओळीला मथळ्याची ओळ म्हणून खूण करायची. वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ पानावर साइटची भाषा ‘मराठी’ केली, की नीट लिहिलेल्या थीम पहिल्या टॅगमध्ये ‘एमआर’ आपोआप घालतात.