आकाशाला दिसते ते तालुक्याला कळावे

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई-पुणेकरांनी आपल्या मोटारींवर जो पांढुरका थर पाहिला, तो येथल्या मातीचा नव्हता. सिंध-बलुचिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून आली होती, आणि ती समुद्रावर असतानाच उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसत होती. वारा हद्द ओळखीत नाही, हे त्या दिवशी शहरवासीयांस उमगले. बीडकरांस ते निराळे सांगावयास नको. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात उन्हाळा आला की बालाघाटाची माळराने वाळून जातात, वावटळी उठतात, आणि ऊस तुटल्यावर फडात उरलेले पाचट अनेक ठिकाणी अजूनही पेटविले जाते.

सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे आपले उपग्रह देशावर अहोरात्र नजर ठेवतात. उष्णतेच्या किरणांच्या दोन लगतच्या पट्ट्यांत धूळ आणि ढग वेगळे वागतात. त्या फरकावरून धूळ ओळखता येते. परंतु आगीचा लहान ठिपका टिपण्यास त्यांची चार किलोमीटरांची नजर अपुरी पडते. अधिक खालून फिरणाऱ्या उपग्रहांवरील ‘व्हिर्स’ उपकरणाची नजर ३७५ मीटरांपर्यंत बारीक आहे. मात्र त्यांची फेरी ठरलेल्या वेळीच होते. ती आटोपल्यावर शेते पेटत असल्याने पंजाबातील आगींची मोजणी कमी भरते, असे २०२४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

तेव्हा साधन आहे, त्याच्या मर्यादाही ज्ञात आहेत. उणीव आहे ती निरोप पोहोचविण्याची. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीची सूचना नोंदणी केलेल्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठविते. पण ती वनक्षेत्रापुरती. नायगावच्या मयूर अभयारण्याला तिचा लाभ होईल. शेजारच्या शिवारातील फडाचे काय? भारतीय कृषी संशोधन संस्था भाताचे अवशेष जाळण्याच्या घटना रोज मोजते, त्या उत्तरेकडील व मध्य भारतातील सहा राज्यांत. उसाचे पाचट आणि महाराष्ट्र त्या हिशेबात नाहीत. दिल्लीच्या श्वासाला जे मोल आहे, ते माजलगावच्या श्वासाला नसावे काय?

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. उपग्रहाने टिपलेल्या प्रत्येक आगीची सूचना तहसील कचेरीस व ग्रामपंचायतीस मिळावी. तालुक्याच्या ठिकाणी हवा मोजण्याची यंत्रे बसावीत. कारण उपग्रह हवेच्या संपूर्ण थराचे माप देतो, माणूस मात्र जमिनीलगतची हवा घेतो. आणि पाचट कुट्टी करून जमिनीत कुजविण्याची यंत्रे साखर कारखान्यांनी हंगामात लहान शेतकऱ्यास परवडेल अशा भाड्याने द्यावीत. हाती दुसरा उपाय न देता नुसता दंड आकारल्याने काडी ओढणे थांबणार नाही. ती फक्त अंधारात ओढली जाईल.

उपग्रह पाहील, पण आग विझविणार नाही. ते काम जमिनीवरच्या माणसांचे आहे.